त्यांचा कीमन कुठाय?

सबमिशनचा आठवडा संपला की आमच्या मजल्यावर एक ठरलेला कार्यक्रम असतो. कोणाच्या तरी खोलीत गाद्या जमिनीवर टाकायच्या, लॅपटॉपला स्पीकर जोडायचे आणि मेसचा चहा सुरू होईपर्यंत काहीतरी बघत बसायचं. गेल्या वेळी 'रेलरोड अलास्का' लावलं होतं. अमेरिकेत 2013 मध्ये 'डेस्टिनेशन अमेरिका' या वाहिनीवर सुरू झालेली ही रिअ‍ॅलिटी मालिका. अलास्कातला हिवाळा, बर्फातून धडधडत जाणारं निळं-पिवळं इंजिन आणि मागे तो घोगरा आवाज! "पुढच्या वळणावर जर हिमकडा कोसळला... तर?" आणि बरोबर तिथेच ब्रेक. म्हणजे गाडीचा नव्हे, जाहिरातींचा.

त्या रात्री माझे मामा खोलीवर होते. मामा रेल्वेत कीमन आहेत, मनमाडच्या बाजूला. शहरात काही काम होतं, परतीची गाडी पहाटेची, म्हणून टेकले होते. त्यांनी आमच्याबरोबर दोन भाग अगदी मन लावून पाहिले. आम्हाला वाटलं, आता मामा म्हणणार, "बापरे, काय थंडी!" मामांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि विचारलं, "सगळं दाखवलं रे. पण ह्यांचा कीमन कुठाय?"

आम्ही सहाजण होतो. चार मेकॅनिकल, एक सिव्हिल, एक ईएनटीसी. उत्तर कोणालाच आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी ही रेल्वे काय आहे ते

अलास्का रेलरोडचा मुख्य मार्ग दक्षिणेकडच्या सीवर्ड बंदरापासून उत्तरेला फेअरबँक्सपर्यंत जातो. अंतर 470 मैल, म्हणजे साधारण 756 किलोमीटर. 15 जुलै 1923 रोजी नेनाना इथे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी सोन्याचा खिळा ठोकून हा मार्ग पुरा झाल्याचं जाहीर केलं. आधी ही रेल्वे केंद्र सरकारची होती, 1985 मध्ये ती अलास्का राज्याकडे आली. गंमत म्हणजे उरलेल्या अमेरिकेच्या रेल्वेजाळ्याशी ती रुळांनी जोडलेलीच नाही. वाघिणी सिअ‍ॅटलहून बार्जवर चढवून समुद्रातून व्हिटियर बंदरात आणतात.

फेअरबँक्सला भर हिवाळ्यात पारा उणे 40 पर्यंत उतरणं ही काही बातमी नसते. (उणे 40 ला सेल्सिअस की फॅरनहाइट हे विचारायची गरज नाही, दोन्ही एकच. व्हायव्हाला उपयोगी पडेल.) म्हणजे थंडी खोटी नाही, धोका खोटा नाही. मालिकेत दिसणारी माणसंही खरोखर तिथे काम करणारी आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. धोका कुठे असतो, हे टीव्ही चुकीच्या जागी दाखवतो.

रूळ ओरडत नाही

सुरुवात रुळापासून करू, कारण मामांचा तोच विषय. पोलाद तापलं की लांबतं, गार झालं की आखडतं, हे आपण आठवीत शिकलो. एक अंश सेल्सिअसला दर मीटरमागे 11.5 मायक्रोमीटर. एक किलोमीटरचा मोकळा रूळ 50 अंशांनी गार झाला तर जवळजवळ 58 सेंटिमीटर आखडेल. पण आता रूळ मोकळा नसतोच. रूळ एकमेकांना वेल्ड करून लांबच लांब अखंड केलेला असतो आणि दर स्लीपरला घट्ट बांधलेला असतो. त्याला आखडायचं असतं, पण आखडता येत नाही. मग ते सगळं आतल्या आत ताण म्हणून साठतं.

किती ताण? आपल्याकडच्या 60 किलोच्या रुळाचं गणित करून पाहा. एका अंशाला सुमारे 2.4 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. रुळाचं छेद-क्षेत्रफळ सुमारे 7,686 चौरस मिलिमीटर. 50 अंशांची घसरण धरली तर एका रुळात 90 टनांहून जास्त ओढ तयार होते. ही ओढ दिसत नाही, ऐकू येत नाही. गाडी असो वा नसो, रात्रभर ती तशीच असते. त्यातच गारठ्यात पोलाद ठिसूळ होतं. आतमध्ये एखादी जुनी बारीक चीर असेल, एखादं वेल्डिंग कच्चं राहिलं असेल, तर पहाटेच्या थंडीत तिथे रूळ तटकन तुटतो.

म्हणून रूळ बसवतानाच एक तापमान ठरवतात, ज्या तापमानाला त्यात ताणही नसतो आणि दाबही नसतो. हे तापमान त्या भागातल्या सरासरीपेक्षा मुद्दाम थोडं वर ठेवतात. का? कारण उन्हाळ्यात दाब वाढला तर रूळ आडवा वाकतो आणि गाडीखालचा मार्गच नागमोडी होतो. त्यापेक्षा थंडीत तुटलेला रूळ परवडला. तुटल्यावर तिथे फट पडते, ती माणसाला दिसू शकते. जिथे ट्रॅक सर्किट असतं तिथे वीजप्रवाह खंडित होऊन सिग्नल आपोआप लाल होतो. म्हणजे हिवाळ्यातला धोका इंजिनिअर लोकांनी डोळे उघडे ठेवून पत्करलेला असतो, एका अटीवर. ती अट म्हणजे कोणीतरी रोज जाऊन रूळ बघायला हवा.

हा 'कोणीतरी' म्हणजे कीमन. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री-पहाटे खास थंडीची गस्त असते. हातात हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी, बत्ती आणि धोक्याचे फटाके. अलास्कात हीच गस्त पिकअप गाडीतून होते. गाडीखाली छोटी लोखंडी चाकं बसवलेली असतात, ती खाली सोडली की तीच गाडी रुळावरून चालते. तिला हायरेल म्हणतात. शिवाय अल्ट्रासोनिक यंत्रांनी रुळाच्या पोटातल्या चिरा शोधतात. तर मामांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की त्यांचा कीमन हायरेलमध्ये बसलेला आहे आणि बहुतेक दिवशी त्याला काहीही सापडत नाही. काहीही न सापडणाऱ्या माणसावर टीव्हीचा भाग कसा करणार?

बर्फ वरून येतो, तसाच खालूनही

टीव्हीवर बर्फ कायम वरून येतो. हिमकडे कोसळतात, नांगर लावलेलं इंजिन पांढरा फवारा उडवत जातं. दृश्य खरंच देखणं असतं. हिमकडे तर गंभीर बाब आहेत. त्यांच्या पोटात दगड आणि मोडलेली झाडं असतात, नांगर त्यावर आपटला तर इंजिनच रुळावरून उतरू शकतं. म्हणून जाणकार लोक डोंगरावर साठलेल्या बर्फाचे थर तपासतात आणि गरज पडली तर मार्ग बंद ठेवून स्फोट घडवून कडा आधीच पाडतात. थोडक्यात, कडा कोसळेल तेव्हा खाली गाडी नसावी ही सगळी खटपट. ती सफल झाली की पडद्यावर दाखवायला काही उरत नाही.

पण बर्फ खालूनही येतो. जमीन गोठताना मातीतलं पाणी केशाकर्षणाने वर खेचलं जातं आणि गोठलेल्या थराशी बर्फाच्या चकत्या होत जातात. नुसतं पाणी गोठून 9 टक्के फुगतं इतकाच हा प्रकार नाही. खालून नवीन पाणी येत राहतं आणि चकती जाड होत राहते. वरची खडी, स्लीपर आणि रूळ सगळं उचललं जातं. सगळीकडे सारखं उचललं असतं तर हरकत नव्हती, पण माती सगळीकडे सारखी नसते. मग एक रूळ वर, दुसरा खाली. गोठलेली खडी दगडासारखी झालेली असते, ती ठोकून सारखी करता येत नाही. उपाय काय, तर खाली राहिलेल्या रुळाखाली लाकडी पट्ट्या सरकवायच्या. वसंतात जमीन बसायला लागली की त्याच पट्ट्या हळूहळू काढून घ्यायच्या. सिव्हिलवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, म्हणजे डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागद घालतात तसं!" अगदी तसंच. फरक इतकाच, की या टेबलावरून हजारो टनांची मालगाडी जाते.

तिसरी जागा म्हणजे लेव्हल क्रॉसिंग. चाकाची कड जाण्यासाठी रुळाच्या आतल्या बाजूने खाच असते. मोटारींच्या टायरनी तिथे बर्फ ठोकून बसवला, की चाक खाचेत न जाता बर्फावर चढतं. हा बर्फ पहारीने खणून काढावा लागतो. टोपी घातलेला एक माणूस खाली बसून खाच साफ करतोय, या दृश्यावर ढोल वाजवून पाहा, कसं वाटतं!

इंजिन बंद का करत नाहीत?

मालिका बघताना आमच्यातल्या एकाने विचारलं, गाडी उभी असली तरी इंजिन धडधडतंच का असतं? डिझेल फुकट आहे का यांच्याकडे?

अलास्का रेलरोडची मोठी मालगाडी-इंजिनं एसडी70मॅक जातीची आहेत, सुमारे 4,000 अश्वशक्तीची. आपल्या रेल्वेत ज्यांचं बोट धरून डब्ल्यूडीजी-4 ही डिझेल इंजिनं आली, त्याच अमेरिकन घराण्यातली. म्हणजे एका अर्थाने आपल्या ओळखीचीच. या घराण्याच्या इंजिनांत थंड करण्यासाठी साधं पाणी असतं, त्यात गंज रोखणारं रसायन मिसळलेलं. आपल्या बाइक-कारमध्ये असतं तसं न गोठणारं द्रावण नसतं. इंजिन बंद केलं आणि बाहेर उणे 30 असेल तर काही तासांत पाणी गोठून ब्लॉक तडकेल. म्हणून एक तर इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बाहेरून ऊब द्यायची, नाहीतर ठरावीक तापमानाला आपोआप सुरू होणारी यंत्रणा बसवायची. हे सगळं फसलं तर शेवटचा पहारेकरी म्हणजे एक छोटा व्हॉल्व्ह. पाणी शून्याच्या जवळ आलं की तो आपोआप उघडतो आणि सगळं पाणी जमिनीवर ओतून देतो. इंजिन तिथल्या तिथे निकामी, पण वाचलेलं! माझ्या मते त्या सगळ्या रेल्वेतला सर्वांत शहाणा भाग हाच. पाणी गेलं तरी चालेल, ब्लॉक जाता कामा नये, हे कोणीतरी शांत डोक्याने ड्रॉइंग बोर्डवर ठरवलेलं आहे.

जी गाडी उभी होती

आता ब्रेक. अशा मालिकांत 'ब्रेक फेल' हा शब्द मिठासारखा वापरतात. पण एअर ब्रेकची रचनाच उलटी आहे. गाडीभर एक पाइप असतो, त्यात हवा दाबून भरलेली असते. दाब कमी झाला की ब्रेक लागतात. पाइप तुटला, गाडी दोन तुकड्यांत विभागली, तरी ब्रेक लागतातच. हे सुरक्षित आहे. मग थंडीत भीती कशाची?

भीती गळतीची. दर दोन वाघिणींमध्ये होज पाइपचा सांधा आणि त्यात रबरी वायसर. थंडीत रबर कडक होतं, आक्रसतं आणि प्रत्येक सांध्यातून थोडी थोडी हवा जाते. शंभर वाघिणी म्हणजे शंभर सांधे. शेवटच्या वाघिणीपर्यंत पुरेसा दाब पोचतच नाही. म्हणून कॅनडातल्या मोठ्या रेल्वे कंपन्या पारा उणे 25 च्या खाली गेला की मालगाडीची लांबीच कमी करतात. निर्णय कंटाळवाणा आहे, पण योग्य आहे.

दुसरी गळती जास्त वाईट. ब्रेक लागतो म्हणजे प्रत्येक वाघिणीच्या टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाते आणि दट्ट्या ब्रेकचे ठोकळे चाकावर दाबून धरतो. त्या सिलिंडरचं सील थंडीत गळू लागलं, तर लागलेला ब्रेक हळूहळू सुटत जातो.

4 फेब्रुवारी 2019. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फील्ड गावाजवळचा घाट. कॅनेडियन पॅसिफिकची धान्याने भरलेली 112 वाघिणींची गाडी उतारावर वेग आवरेना म्हणून आणीबाणीचे ब्रेक लावून थांबवली होती. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक चालले. आधीच्या चालकांच्या कामाचे तास संपत आले होते, म्हणून दुसरे तिघे आले. बाहेर उणे 25 हून जास्त थंडी. हँडब्रेक लावलेले नव्हते. गाडी सुमारे तीन तास नुसती उभी होती आणि त्या तीन तासांत सिलिंडरांमधली हवा गळत होती. मग कोणीही काहीही न करता गाडी चालू लागली. ज्या उतारावर ताशी 20 मैलांची मर्यादा, तिथे ती 50 मैलांच्या वर गेली. वळणावर 99 वाघिणी आणि दोन इंजिनं रुळावरून उतरली. इंजिनातले तिघेही गेले. त्यातला एक अजून शिकाऊ होता.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2022 मध्ये अहवाल दिला. त्यात थंडीमुळे वाढलेली सिलिंडरची गळती तर आहेच, पण या घाटात गाड्या नीट आवरत नाहीत अशा तक्रारी चालकांनी आधीच लिहून दिल्या होत्या, हेही आहे. अपघातानंतर काही दिवसांतच सरकारने हुकूम काढला, की घाटात आणीबाणीच्या ब्रेकने गाडी थांबली तर हँडब्रेक लावायलाच हवेत. हँडब्रेक म्हणजे साखळी आणि चाक. त्यात हवा नाही, म्हणून गळतीही नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. त्या रात्री तिथे कॅमेरा असता तर त्याने काय टिपलं असतं? बर्फात उभी असलेली एक गाडी. तीन तास काहीही घडत नाही. एडिटरने हा भाग आधी कापला असता. आणि नेमका तोच भाग जीवघेणा होता.

ट्रक, मूस आणि महिन्याची गाडी

याच घराण्यातली जुनी मालिका म्हणजे 2007 ची 'आइस रोड ट्रकर्स'. सुरुवातीच्या दृश्यात ट्रक बर्फ फोडून तळ्यात जातो, आठवतं? तो ट्रक म्हणजे खेळण्यासारखं छोटं मॉडेल होतं. खऱ्या बर्फाच्या रस्त्यावर भरलेल्या ट्रकना अगदी हळू जावं लागतं. कारण ट्रकच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, आणि वेग वाढला तर ती लाटच बर्फ फोडते. म्हणजे तिथे शूर तो, जो सायकलच्या वेगाने तासन् तास कंटाळत जातो!

अलास्काच्या गाडीतही असंच. टॉकीट्ना ते हरिकेन या भागात रस्ताच नाही. तिथे जंगलात राहणारे लोक रुळाशेजारी उभं राहून हात करतात आणि 'हरिकेन टर्न' नावाची गाडी थांबते. हिवाळ्यात ती महिन्यातून एकदाच जाते. मालिकेच्या सुरात ऐकलं तर वाटतं, आज गाडी चुकली की संसार संपला. पण वेळापत्रक छापलेलं असतं आणि महिन्याला एकच गाडी आहे हे माहीत असलेली माणसं महिन्याचं सामान भरूनच ठेवतात. आपल्या आज्या पावसाळ्याआधी बेगमी करायच्या, त्यात कोणी ढोल वाजवत नसे.

एक गोष्ट मात्र दाखवतात त्याहून वाईट आहे. मूस नावाचं तिथलं घोड्याएवढं सांबर. खोल बर्फात चालून दमलेल्या मुसांना साफ केलेला रूळमार्ग म्हणजे हमरस्ताच वाटतो. बाजूला बर्फाच्या भिंती, समोरून इंजिन, आणि भरलेली मालगाडी थांबायला किलोमीटरभर लागतो. जास्त बर्फाच्या हिवाळ्यांत असे शेकडो मूस मेलेले आहेत. चालकाच्या हातात हॉर्न वाजवण्यापलीकडे फारसं काही नसतं.

मग मालिका बघूच नये का?

असं मी म्हणत नाही. ती पाहिली नसती तर मी हे सगळं शोधायला बसलोच नसतो, हे कबूल करतो. पण बघताना एक लक्षात ठेवावं. टीव्हीला अपघात टळण्याचा शेवटचा क्षण हवा असतो, आणि चांगली रेल्वे तो क्षण येऊच नये म्हणून चालवलेली असते. रोज शेवटच्या क्षणी वाचणारी रेल्वे ही शूर नव्हे, वाईट चालवलेली रेल्वे आहे.

हे आपल्याला का सांगायचं? कारण अजून दोन-तीन वर्षांत आपल्यातले काहीजण 'मेंटेनन्स' नावाच्या खात्यात जातील आणि नाक मुरडतील. डिझाइन मिळालं नाही म्हणून घरी फोन करून रडतील. त्यांच्या हाताखाली एखादा कीमन, एखादा फिटर रजिस्टरमध्ये लिहून देईल, की साहेब, इथे काहीतरी बरोबर वाटत नाही. ती ओळ वाचायची की नाही, हा खरा सीन. त्याला पार्श्वसंगीत नसेल.

पहाटे मामांना स्टेशनवर सोडायला गेलो. प्लॅटफॉर्मवर गारठा होता. मी विचारलं, "मामा, इतक्या वर्षांत तुम्हाला तुटलेला रूळ किती वेळा सापडला?"

"दोनदा," मामा म्हणाले.

"बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस चाललो," ते म्हणाले, आणि सवयीने वाकून समोरच्या रुळाकडे बघू लागले.